पावणेचार वर्षांचा खाडा

माझं काम शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना पुन्हा रोजगाराला लावण्याचं आहे. हे प्रकरण त्यातलंच एक. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तोच ठेवला आहे. ज्याचं प्रकरण आहे त्याने हे वाचून दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं.

पार्श्वभूमी

बापू सोलापूर जिल्ह्यातला. मराठी घेऊन बी.ए., घरची सव्वादोन एकर जिरायत, घरी आई. पंचविशीतच त्याच्या कविता जिल्ह्यातल्या दोन-तीन दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या संमेलनांत 'निमंत्रित कवी' म्हणून त्याचं नाव पत्रिकेवर लागायचं. मानधन म्हणजे एसटीचं भाडं, शाल आणि नारळ. नारळाची चटणी व्हायची. शाली आई ट्रंकेत ठेवायची आणि थंडीत गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाटायची.

जून २०१२ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, चुलत भावाशी बांधावरून जुंपली. बांध त्याने कोरला असं बापूचं म्हणणं, बापूने कोरला असं त्याचं. बापूच्या हातात कुऱ्हाड होती. भावाचा डावा कोपर फुटला, तो हात आजही सरळ होत नाही. पुढे काही वर्षांनी सरकारी मोजणी झाली तेव्हा बांध जिथे होता तिथेच निघाला.

गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा, दाखल झाला होता. मार्च २०१६ मध्ये सत्र न्यायालयाने कलम ३२६ खाली, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत केल्याबद्दल, पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड अशी शिक्षा दिली. दंडातली मोठी रक्कम भावाला भरपाई म्हणून गेली. जामिनाआधी काढलेले सात महिने शिक्षेतून वजा झाले, काही माफी मिळाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तो येरवड्याहून सुटला. आत पावणेचार वर्षं. त्यातली जवळजवळ तीन वर्षं तो येरवडा कारागृह मुद्रणालयात बाइंडिंगला होता. ही गोष्ट मला पहिल्या भेटीत कळली होती. तिचं मोल कळायला आठ महिने लागले.

अडचण

सुटल्यावर चार महिन्यांत टाळेबंदी लागली. तोवर त्याने थोडं बस्तान बसवलं होतं. लग्नात मंगलाष्टका लिहून देणं, निवृत्त होणाऱ्या गुरुजींचं मानपत्र, दुकानाच्या उद्घाटनाचं सूत्रसंचालन. तालुक्याच्या गावात कवीची कमाई असते ती हीच. मानपत्राचे तीनशे, मंगलाष्टकांचे पाचशे एक, सूत्रसंचालनाचे हजार-दीड हजार. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो आणि चातुर्मासात चूल थंड. मार्च २०२० नंतर तेही बंद पडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये तो माझ्याकडे आला तेव्हा किराणा दुकानाची उधारी अकरा हजारांवर गेली होती.

गावात त्याला दोन ओळखी होत्या. मांडवात तो 'कविवर्य'. पारावर 'आत जाऊन आलेला'. गंमत अशी की दोन्ही ओळखी एकाच माणसाच्या तोंडी असायच्या. ज्या पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला त्याने निवेदन केलं, तिथेच शिपायाची जागा निघाल्यावर त्याचा अर्ज घेतला गेला नाही. अध्यक्ष त्याला म्हणाले, "बापू, तू कलावंत माणूस, तू कुठं टेबलं पुसतोस?" अपमान करायचा नाही आणि कामही द्यायचं नाही, यासाठी यापेक्षा चांगलं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण पुढचे निर्णय तिच्यावरच घेतले गेले. शिक्षा भोगून ठरावीक वर्षं गेली की नोंद पुसली जावी, अशी सोय आपल्याकडे प्रौढांसाठी नाही. अल्पवयीनांसाठी बालन्याय कायद्यात आहे. १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यांना कलम १२ चं संरक्षण मिळतं, त्यांच्या वाटेत अपात्रता येत नाही. बापू या दोन्हींत बसत नव्हता. शिवाय आता पोलीस ठाण्यापर्यंत जायचीही गरज उरलेली नाही. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की खटला समोर येतो.

पहिला प्रयत्न

नोव्हेंबर २०२१ मध्ये एका खासगी महाविद्यालयात ग्रंथालय परिचराची कंत्राटी जागा निघाली. पगार आठ हजार. पुस्तकांतलं काम, बी.ए. झालेला माणूस. मला ती जागा त्याच्यासाठीच निघाल्यासारखी वाटली.

अर्जात प्रश्न होता: 'आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?' बापूने मला विचारलं, "सर, इथं काय लिहू?" मी म्हणालो, "तोंडी विचारलं तर खरं सांगा. कागदावर रेघ मारा." अनुभवाच्या रकान्यात २०१६ ते २०१९ समोर आम्ही 'शेती' लिहिलं. हा सल्ला माझा होता, त्याचा नव्हे. मी तो त्याआधीही काहींना दिला होता आणि दोघा-तिघांच्या बाबतीत तो खपूनही गेला होता.

एकोणिसाव्या दिवशी कार्यालयातल्या कुणीतरी नाव टाकून पाहिलं. बापूला बोलावून सांगितलं गेलं की गुन्ह्यासाठी नव्हे, माहिती दडवली म्हणून काढतो आहोत. खरं सांगितलं असतं तर त्यांनी घेतलं असतं का? मला शंका आहे. पण तसं बोलायची संधी आम्हीच त्यांना दिली. माहिती दडवण्याचा मुद्दा न्यायालयंही वेगळा मोजतात. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पडताळणी अर्जातल्या लपवाछपवीबद्दल सविस्तर निकष घालून दिले आहेत. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असं त्यात नाही, मात्र खोटं लिहिणं हे काढून टाकण्याचं स्वतंत्र कारण ठरू शकतं. तो निकाल मला माहीत होता. सरकारी नोकऱ्यांपुरता तो आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

त्या एकोणीस दिवसांचा पगार मिळाला. बापूने त्यातून किराणा दुकानाचे तीन हजार फेडले आणि दीड महिना माझा फोन उचलला नाही.

कोणते पर्याय होते

फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही पुन्हा बसलो. या वेळी आधी त्याच्याच नावाने पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला. दुसऱ्याच्या हातात पडण्याआधी आपल्याबद्दल काय लिहिलेलं आहे ते आपण वाचावं, एवढाच हेतू. वाचलं हे बरंच झालं. शिक्षेची नोंद होतीच, पण तिच्यासोबत २०१३ ची आणखी एक नोंद होती. ती होती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ ची चॅप्टर केस. जामिनावर सुटून आल्यावर गावात पुन्हा तणाव होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंकडून शांततेचं हमीपत्र घेतलं होतं, तीच ती. हा गुन्हाही नव्हे, शिक्षाही नव्हे. तरी वाचणाऱ्याला वाटणार की याच्यावर दोन केसेस आहेत. बापूला याचा पत्ताच नव्हता. तालुका विधी सेवा समितीतल्या वकीलबाईंकडून आम्ही एका परिच्छेदात त्याचा खुलासा लिहून घेतला.

मग एकेक वाट तपासली. सुरक्षारक्षकाची नोकरी सगळे सुचवतात, पण ती कायद्यानेच बंद आहे. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यात, कलम १० मध्ये, शिक्षा झालेल्या माणसाला रक्षक नेमायचं नाही असं स्पष्ट आहे. एका एजंटाने गणवेशाचे म्हणून बापूकडून दीड हजार आधीच घेतले होते, ते बुडाले. रिक्षाचा बॅज काढायचा तर पुन्हा चारित्र्याचा दाखला. शाळेचा विचार मीच सोडून दिला. मुलांच्या आसपासच्या कामात पडताळणी कडक असणं योग्यच आहे असं माझं मत आहे, आणि २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर तर ती वाट जवळजवळ मिटलीच.

पुण्याला जाणं हा पर्याय बापूचा मामा लावून धरत होता. "तिथं कोण वळखतंय तुला?" हे खरं. पण खोलीचं भाडं, एकटी आई आणि नाव टाकलं की समोर येणारा तोच खटला. त्यात एक गोष्ट बापू बोलला नाही, मला उशिरा उमगली. ज्या ओळखीमुळे इथे काम मिळत नव्हतं, त्याच ओळखीमुळे इथे त्याची कविता ऐकली जात होती. पुण्यात दोन्ही गेली असती.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान हा माझा आवडता पर्याय. मुक्त बंद्यांना, म्हणजे सुटलेल्या कैद्यांना, स्वयंरोजगारासाठी परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत शासनाकडे अर्थसाहाय्य मागता येतं, म्हणून मी कागद गोळा करायलाही लागलो होतो. तेव्हा त्याच्या आईने एकच प्रश्न विचारला, "सर, ह्येनं आजवर कुणाकडनं पैसं वसूल केल्यात?" मी मानपत्रांची वही मागवली. ४१ मानपत्रं, पैसे आले होते १७ जणांकडून. दुकान तिथेच बारगळलं.

निर्णय कुठे फिरला

एप्रिलमध्ये कागद लावताना बापूच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक दाखला निघाला. बाइंडिंग विभागात काम केलं, वर्तणूक चांगली. वर कारागृहाचं नाव, खाली शिक्का.

"हा आधी का दाखवला नाहीत?"

"ह्याच्यावर जेलचं नाव हाय की सर."

आमची चूक कुठे होती ते तेव्हा दिसलं. नोंद लपवायची म्हणून आम्ही पावणेचार वर्षांचा खाडा दाखवत होतो आणि त्याच्याकडचं एकमेव कसब नेमकं त्या खाड्यात पुरलेलं होतं. शेती म्हणावी तर सव्वादोन एकरांवर कुणी कामाला ठेवत नाही. कविता म्हणावी तर तिचा पगार नाही. फर्म्यांची, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदांची घडी, जुळवणी, शिलाई, पुठ्ठाबांधणी, कटिंग हे सगळं हाताला बसलेलं होतं आणि ते सांगायचं तर तुरुंगही सांगावाच लागणार होता.

बापूने दोन दिवस मागितले. मग आम्ही माहितीपत्र नव्याने लिहिलं. २०१६ ते २०१९ समोर मुद्रणालयाचं पूर्ण नाव, विभाग आणि कामं. सोबत एक पान: गुन्हा काय, कलम कोणतं, शिक्षा किती, पूर्ण कधी झाली, चॅप्टर केस म्हणजे काय. या पानात 'रागाच्या भरात' हे शब्द मी घातले होते. बापूने खोडले. म्हणाला, "राग तर रोज येतो, कुऱ्हाड रोज थोडीच उचलतो मी. उचलली एवढंच लिहा."

काय केलं

सोलापूर शहरातल्या चार छापखान्यांत आणि दोन बाइंडिंगवाल्यांकडे गेलो. बापू आत, मी बाहेर, हा नियम त्याने घातला. माणूस सोबत आणला की दया मागायला आल्यासारखं दिसतं, असं त्याचं म्हणणं. पाच ठिकाणी 'कळवतो' झालं. सहाव्या ठिकाणी मालकाने मला आत बोलावून घेतलं, म्हणून पुढचं मी पाहिलं आहे.

मालक साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी ते पान उभ्या उभ्या वाचलं.

"कुणाला मारलंस?"

"चुलत भावाला."

"कशापायी?"

"बांध."

"किती?"

"हातभर असंल."

मालक काही बोलले नाहीत. आतून शिवायला काढलेली एक खातेवही आणून त्यांनी टेबलावर टाकली. "बघ." बापूने ती उलटली, कण्याकडून बोट फिरवलं आणि चाळता चाळता मध्येच थांबला. "मालक, हा सोळापानी फर्मा उलटा बसलाय. आठनंतर सतरा येतंय." मालकांनी चष्मा खाली ओढला. मग विचारलं, "खळीत मोरचूद किती टाकतोस?" कसर लागू नये म्हणून बाइंडिंगच्या खळीत मोरचूद घालतात. बापू म्हणाला, "टाकायचं ठावं हाय, पण माप नाही ठावं. आत आमच्या हातात देत नव्हते. इख असतंय ना. वॉर्डर टाकायचा."

हे उत्तर ऐकून मालक हसले. माझ्या मते नोकरी तिथे लागली. येत नाही ते येत नाही म्हणाला, आणि त्याचं कारण सांगताना तुरुंगाला वळसा घातला नाही.

अटी ठरल्या. तीन महिने नऊ हजारांवर बघायचं. काउंटरवर बसायचं नाही, गल्ल्याला हात लावायचा नाही, किल्ली मिळणार नाही. हे जाचक आहे का यावर आमच्या कार्यालयात वाद झाला. सहकारी म्हणाली, आपण हे लेखी मान्य करायला नको होतं. बापूला मात्र काही वाटलं नव्हतं. गल्ल्यात काही कमी आलं तर पहिलं बोट आपल्याकडे येणार, तेव्हा लांब असलेलं बरं, असा त्याचा हिशेब.

एका गोष्टीवर मात्र एकमत झालं नाही. इतर कामगारांना कुणी सांगायचं? मालकांना सांगायचंच नव्हतं, बापूला पहिल्याच दिवशी सांगून मोकळं व्हायचं होतं. मी मालकांची बाजू घेतली. चार कामगारांपैकी एकाला तरी महिनाभरात कुठून तरी कळेलच, हे मी धरायला हवं होतं. कळलं आठवड्यात. तोवर कटिंग मशीनवरचे मामा त्याच्यासोबत डबा खात होते. कळल्यावर पंधरा दिवस ते वेगळे बसले, मग एक दिवस हिरव्या मिरचीचा ठेचा संपला म्हणून परत आले.

संमेलनाची रात्र

जानेवारी २०२३ मध्ये एका तालुक्याच्या संमेलनात बापूला बोलावणं आलं. त्याने विहिरीवरच्या दोन कविता निवडल्या होत्या. निवेदकाने परिचय करून दिला तो असा, की येरवड्याच्या दगडी भिंतींना ज्यांनी शब्दांनी पाझर फोडला, वगैरे. श्रोत्यांतून 'जेलची कविता, जेलची कविता' सुरू झालं. बापूने एक वाचली. टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत छापखान्याच्या एका जुन्या ग्राहकाकडे गेला. हा ग्राहक शाळांना हजेरीपत्रकं आणि वह्या पुरवणारा. "तुमच्याकडं असली माणसं असतात का?" म्हणून त्याने विचारलं आणि मार्चची ऑर्डर दुसरीकडे देण्याची भाषा केली.

मालकांनी बापूला काढलं नाही. पण त्या आठवड्यात त्याला पुढच्या खोलीतून मागच्या गोदामाशेजारी बसवलं. तिथे पंखा नाही. ऑर्डर निम्मी आली.

त्याहून त्याला लागलं ते वेगळंच. व्हिडिओ गावातही पोचला होता. चुलत भावाची बायको नळावर म्हणाली होती, "ह्यांचा हात गेला आन् शाल त्याला." आईने ते बापूला सांगितलं. त्यानंतर तो माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. त्या बाईचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आम्ही पुनर्वसनवाले लोक कागद हलवतो ते एका बाजूचे, आणि दुसऱ्या बाजूचा कोपर वाकडाच राहतो. भावाला भेटावं, निदान मध्यस्थामार्फत निरोप द्यावा, असं मी सुचवून पाहिलं. भावाने नको म्हणून कळवलं. ते तिथेच थांबवलं.

त्या वर्षी बापूने कुठेही कविता वाचली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मागचं, जे माझ्या हातात नव्हतं, ते खटल्याच्या वेळचं. हत्याराचा मुद्दा टिकला नसता आणि प्रकरण कलम ३२५ वर, म्हणजे हत्याराशिवायच्या गंभीर दुखापतीवर, आलं असतं, तर परिविक्षेची मागणी निदान करता आली असती. ३२६ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने ते दार बंद होतं. कुऱ्हाड होती हे खरं, तेव्हा यावर मी फार रेंगाळत नाही.

माझ्या हातातलं म्हणजे अर्जातली रेघ. तिच्यामुळे एक नोकरी, दीड महिना आणि बापूचा विश्वास गेला. पोलिसांचा दाखला आधी काढून पाहायला हवा होता, तो फेब्रुवारीत काढला. कारागृहातला कामाचा दाखला पहिल्याच भेटीत मागायला हवा होता. आता नवीन माणूस आला की कलम विचारण्याआधी मी विचारतो, आत कोणत्या कामावर होतात?

तिसरी गोष्ट संमेलनाची. नोकरीची तयारी करताना आम्ही मुलाखतीची तालीम केली, पगाराची बोलणी केली. व्यासपीठाचा विचार कुणीच केला नाही, कारण तिथे तर त्याचा सन्मान होतो असं आम्ही धरून चाललो होतो. जो माणूस लोकांसमोर उभा राहतो, त्याची ओळख दुसऱ्याच्या माइकवर असते, हे आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

सध्याची स्थिती

बापूला तिथे तीन वर्षं झाली. पगार साडेबारा हजार, दिवाळीला बोनस एक पगार. किल्ली अजून नाही. मागच्या खोलीत पंखा लागला, तो कटिंगवाल्या मामांनी भांडून लावून घेतला. मोरचुदाचं माप आता नव्या पोराला तोच शिकवतो. किराण्याची उधारी मिटली आहे. मंगलाष्टका तो अजून लिहितो, पण पाचशे एक आधी घेतो, आणि ते आई मोजून घेते.

२०२४ पासून तो पुन्हा संमेलनांना जायला लागला. पूर्वी प्रत्येक कवितेखाली स्थळ आणि तिथी लिहायची त्याला सवय होती, 'येरवडा, श्रावण' अशी. आता तिथी ठेवतो, स्थळ गाळतो. आयोजकांना तो आपला परिचय आधीच पाठवून देतो आणि एवढाच वाचायचा म्हणून फोन करून सांगतो. तरी दोघांनी त्यात भर घातलीच, आणि तिसऱ्याने परिचय फारच छोटा आहे म्हणून कार्यक्रमपत्रिकेतून नावच काढलं. परिचय असा आहे: 'कविता लिहितात. सोलापुरात एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करतात.'